मदत हवी आहे: पावसाळ्यात क्रॉसकट स्लेड अडकते

नमस्कार मंडळी, मालवणजवळ घराच्या पडवीतच माझा टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत) आहे. फणसाच्या फळ्या आडव्या कापायला स्लेड (फळी काटकोनात धरून पात्यावरून सरकवायचा पाट) बनवली: १२ मिमी मरीन प्लाय, खाली टेबलाच्या १९ मिमीच्या खाचेत बसणाऱ्या दोन सागवानी पट्ट्या. मे महिन्यात लोण्यासारखी सरकायची. मृग लागला आणि पट्ट्या फुगल्या. आता निम्म्यावर अडकते, ढकलावी लागते. फिरत्या पात्यासमोर जोर लावायला मी तयार नाही.

रंधा मारला तर दिवाळीनंतर खडखडेल आणि काटकोन बिघडेल. तो मोठ्या कष्टाने जमवलाय: पाच कापांच्या चाचणीत (एकच तुकडा दर वेळी फिरवून कापायचा, म्हणजे काटकोनातली चूक चौपट होऊन दिसते) शेवटच्या पट्टीच्या दोन टोकांत ०.८ मिमी फरक, म्हणजे चारने भागून ०.२.

लाकडाऐवजी एचडीपीई (कडक प्लास्टिक) किंवा ॲल्युमिनियमची पट्टी कोणी वापरली आहे का? खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम टिकतं का? की एकच पट्टी ठेवू?

दुसरं, पातं स्लेडच्या माझ्या बाजूच्या उभ्या कठड्यातून बाहेर येतं तिथेच अंगठा जातो. मागे लाकडी ठोकळा चिकटवणार आहे, पण केवढा जाड? आणि पातं ठोकळ्यातच थांबावं म्हणून स्लेडला अडसर कुठे लावता? फोटो असतील तर टाका. (आई म्हणते, हातकरवतीने काप. तिचंही चूक नाही.)