अनुभव धागा : घरच्या जोडीची पिल्लं वाढवताना

घरात मासे पाळणारे पुष्कळ असतात. जोडीने अंडी घातल्यापासून पिल्लं दुकानात देण्याजोगी होईपर्यंत सांभाळणारे थोडे. अंडी मिळणं फारसं अवघड नाही. पिल्लं सुटी पोहायला लागली की पुढचा आठवडा मात्र कसोटीचा, आणि बहुतेक पिल्लं त्याच आठवड्यात जातात. म्हणून हा धागा. मासा कुठलाही चालेल. पहिलं खाणं काय दिलंत आणि पाणी कसं राखलंत हे मात्र नीट लिहा.

सुरुवात माझ्या एंजल माशांपासून करते. पाच-सहा लहान एंजल एकत्र वाढवले आणि जोडी त्यांची त्यांनाच जमवू दिली. दोघं एक कोपरा धरून बाकीच्यांना हाकलू लागली, की बाकीचे दुसरीकडे हलवायचे. एरवी यांच्यात नर-मादी ओळखू येत नाही. अंडी घालायच्या वेळी मादीच्या पोटाखालची नळी जाड आणि बोथट दिसते, नराची बारीक आणि टोकदार. टाकीत मी शाळेच्या पाटीचा तुकडा तिरका उभा ठेवते. मादी त्यावर ओळीने अंडी चिकटवत जाते आणि नर मागून फिरतो. २७-२८ अंशांना साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात. जी पांढरी पडतात ती फळलेली नसतात. त्यांच्यावर बुरशी धरते, आणि आईबाप ती वेचून काढतात.

यानंतरचे चार-पाच दिवस पिल्लं डोक्याने पाटीला चिकटून नुसती शेपट्या हलवत असतात. पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर त्यांचं भागतं, तेव्हा खायला काहीही टाकू नका. आईबाप पिल्लं तोंडात घेऊन दुसऱ्या जागी थुंकताना दिसतील. घाबरू नका, ती जागा बदलतात. जोडी नवी असेल तर पहिली एक-दोन वेळची अंडी ती खरोखर खातेही. माझ्याकडे रात्री खोलीत मंद दिवा असतो. अंधारात आईबाप बिथरतात आणि सकाळी टाकी रिकामी सापडते.

पिल्लं सुटी पोहायला लागली की त्याच दिवशी ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, तयार हवा. त्याची अंडी आदल्या दिवशीच लावायची. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास खडे मीठ, उलट्या बाटलीत हवेची नळी, २८ अंशांना एक दिवस. मग हवा बंद करून थोडं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, केशरी जीव तळाशी बसतात. तळचे तेवढे ओढून घ्यायचे आणि जुन्या सुती रुमालात साध्या पाण्याने धुऊन द्यायचे. टरफलं जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. फुटल्यावर काही तासांतच आर्टेमियाचा कस उतरायला लागतो, म्हणून रोज थोडा थोडा ताजा लावलेला बरा. खाऊन झाल्यावर पिल्लांची पोटं केशरी दिसतात. ज्याचं पोट केशरी नाही, त्याच्यावर लक्ष ठेवा.

रत्नागिरीहून

ताई, आमच्याकडे फायटर मासे. त्यांच्यात सगळी जबाबदारी बापाची. बुडबुड्यांचं घरटं तोच बांधतो, पडलेली अंडी तोंडाने उचलून परत वर लावतो. अंडी घालून झाली की मादीला लगेच काढावं लागतं, नाहीतर तो तिला फाडतो. पाणी चार-पाच इंचच ठेवतो. देशी बदामाचं सुकलेलं पान टाकतो, ती झाडं आमच्या आवारातच आहेत. दीड दिवसात अंडी फुटतात, पुढे दोन-तीन दिवसांत पिल्लं आडवी पोहू लागतात आणि मग नरही बाहेर. ही पिल्लं इतकी बारीक, की पहिले काही दिवस आर्टेमियाही त्यांना मोठा पडतो. कोबीचं पान पाण्यात घालून उजेडात कुजवलं की त्यात जे सूक्ष्म जीव होतात, ते देतो. टाकीवर झाकण हवंच. वरची हवा घेण्याचा अवयव पिल्लांत नंतर तयार होतो, त्या काळात गार वारा लागला की पिल्लं मरतात.

नागपूरहून

गोल्डफिश. थंडी सरताना नर मादीच्या मागे लागतात, तेव्हा आम्ही जलपर्णी आणतो. अंडी मुळांना चिकटतात. जलपर्णी आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात बुडवून धुवा, नाहीतर चतुराच्या अळ्या सोबत येतात आणि पिल्लं फस्त करतात. अंडी दिसली की जलपर्णीच वेगळ्या टबात हलवायची, कारण आईबाप अंडी खातात. पिल्लं आधी काळपट असतात, रंग कित्येक आठवड्यांनी चढतो. आम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून देतो.

ठाण्याहून

बलक मी देत नाही. उरलेला कुजतो, अमोनिया चढतो आणि संध्याकाळपर्यंत पिल्लं पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. द्यायचाच असेल तर तासाभरात तळाशी उरलेला नळीने ओढून घ्या.

आमच्याकडे डिस्कस मासे आहेत. त्यांची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा स्राव खातात, दोघांच्या कडेने झुंबड असते. एक थकला की अंग झटकून पिल्लं दुसऱ्याकडे पाठवतो. एंजलची अंडी वेगळी वाढवता येतात, इथे आईबाप लागतातच. त्यांच्यासमोर हात, कॅमेरा, पाहुणे काहीही नको. पिल्लं पोहू लागल्यापासून चार-पाच दिवसांनी आर्टेमिया सुरू करतो.

कोल्हापूरहून

गप्पी सोपे, पिल्लं जन्मतःच पोहतात आणि चुरलेलं खाद्य खातात. दाट शेवाळ असलं की लपतात. मादी नराचं बीज कित्येक महिने साठवते, त्यामुळे नर काढला तरी दर चार आठवड्यांच्या सुमारास पिल्लं येत राहतात. जास्त झाली म्हणून ओढ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांना त्रास होतो.

पुन्हा मी

विचारणा आली आहे, वीज गेली तर? स्पंज फिल्टर बॅटरीच्या एअर पंपावर लावून ठेवा, पिल्लं आहेत तोवर रोज थोडं पाणी त्याच तापमानाचं बदला आणि नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला. पिल्लं चार आण्याच्या नाण्याएवढी झाली की मी ती दुकानात देते. डोंबिवली-कल्याणकडे कुणी घरी वाढवणार असेल तर कळवा, सध्याच्या पिल्लांतली काही द्यायची आहेत.