एकाच फुलावरचे दोन कीटक: पेंटेड लेडी फुलपाखरू आणि रोझ चेफर भुंगेरा

प्रश्न
पेंटेड लेडी (व्हॅनेसा कार्डुई) फुलावर बसून अलगद मकरंद घेते, तर रोझ चेफर (सेटोनिया ऑराटा) हा हिरवा, धातूसारखा चमकणारा भुंगेरा पराग आणि पाकळ्याही कुरतडतो. एवढ्यावरून एकाला झाडाचा मित्र व दुसऱ्याला शत्रू ठरवणे योग्य आहे का?

पहिले उत्तर
माझ्या मते योग्य नाही, कारण दोघांचेही आयुष्य अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांचे आहे आणि आपण त्यांपैकी शेवटचीच पाहत आहात. पेंटेड लेडीच्या अळीला जबडे असतात आणि ती थिसलसारख्या वनस्पतींची जिवंत पाने खाऊन वाढते. याउलट रोझ चेफरची अळी कुजके लाकूड आणि पालापाचोळा खाऊन तो मातीत मिसळण्यास मदत करते. ती पांढरट, बाकदार आणि हुमणीसारखी दिसत असल्याने कंपोस्टच्या ढिगात सापडताच पुष्कळ जण तिला मारून टाकतात, याचे फार वाईट वाटते. मुळे खाणाऱ्या हुमणीशी तिची गल्लत कृपया करू नये.

दुसरे उत्तर
वरील मताशी सहमत आहे. त्यात परागीभवनाची भर घालतो. भुंगेरा फुलात थेट घुसतो, त्यामुळे त्याच्या अंगावरील केसांना पराग चिकटतात आणि नासधूस करतानाच तो त्यांची ने-आणही करतो. फुलपाखराचे पाय आणि सोंड लांब असल्याने त्याचे शरीर परागकोशांपासून बरेचदा दूर राहते. तरीही त्याला निरुपयोगी वाहक समजू नये. २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या पेंटेड लेडींच्या अंगावर पश्चिम आफ्रिकेतील वनस्पतींचे पराग आढळले होते, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांनी अटलांटिक महासागरावरून ४,२०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. एवढ्या अंतरावर नेलेल्या परागाचा फलनासाठी उपयोग होणे अवघड असले, तरी पराग अंगावर टिकतात हे त्यातून निश्चित दिसते.

तिसरे उत्तर
उडण्यातील फरकही पाहण्याजोगा आहे. फुलपाखराचे चारही पंख हवेत चालतात. बहुतेक भुंगेरे उडताना पुढचे कठीण पंख उघडे धरतात, पण रोझ चेफर ते मिटलेलेच ठेवतो आणि कडेच्या खाचेतून मागचे पातळ पंख बाहेर काढून उडतो.