कॅमेरा: नवा कोरा की रिफर्बिश्ड? आपापले अनुभव सांगा

लेक अकरावीत आहे. भिगवणला दोनदा जाऊन आली आणि फ्लेमिंगोंचं वेड घेऊन आली. बजेट चाळीस हजार, फार तर पंचेचाळीस. एवढ्यात नवा घेतला तर साधी बॉडी आणि १८-५५ लेन्स. त्यात फ्लेमिंगो मुंगीएवढा दिसणार! वापरलेला घेतला तर लांबचं जवळ दाखवणारी ७०-३०० लेन्सही बसते. नवरा म्हणतो, दुसऱ्याचं यंत्र म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं. सल्ले घरात भरपूर मिळालेत. तुमचं काय झालं ते लिहा.

*

मी नवा निकॉन डी५६०० घ्यायला निघालो होतो. पण काकांची जुनी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स घरात पडून होती, आणि डी५६०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही. म्हणजे ती लेन्स हाताने फिरवत बसायची. मग सेकंडहँड डी७२०० घेतला, त्यात मोटर आहे. त्याचं शटर कंपनीने १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं. विकणाऱ्यासमोरच एक फोटो काढला, फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणारी माहिती) क्लिकचा आकडा बघितला: अडतीस हजार आणि काहीतरी. चार वर्षं झाली, रबराची ग्रिप थोडी सुटली, फेविक्विकने चिकटवली. बस. (कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्ये येत नाही, तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.)

*

सगळे शटर शटर करतात, लेन्सकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नाही. ओळखीतल्याकडून घेतली, मग तपासायचं कसं, भिडस्त स्वभाव! आम्ही चिपळूणचे. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावरसुद्धा पांढरं येतं. एका रात्री लाइट गेले म्हणून हातात टॉर्च होता, सहज लेन्सच्या मागून मारला. आतल्या काचेवर कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. साफ करायला लेन्सच्या निम्म्या किमतीएवढा खर्च आला, तरी कोटिंग खाल्लेलं ते खाल्लेलंच. उजेडासमोर धरून काढलेला फोटो अजून धुरकट येतो. आता सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, शेजारी आर्द्रतेचा काटा. पन्नासच्या वर गेला की जेल बदलायचं.

*

न्यू जर्सीहून लिहितोय. रिफर्बिश्ड आणि सेकंडहँड यात गल्लत होतेय. इथे कॅनन स्वतःच परत आलेले कॅमेरे तपासून, लागेल ते बदलून वॉरंटीसकट विकते. मी असे दोन घेतले, खोक्यावर चित्र नव्हतं एवढाच फरक. पण एक चूक केली. दुसऱ्या एका कंपनीचा असाच एक पुण्याला मेहुण्यासाठी पाठवला. आठ महिन्यांत त्याचा डायल अडकला, तेव्हा कळलं की ही वॉरंटी भारतात चालत नाही. दुरुस्तीचे पैसे मीच भरले, नाहीतर दिवाळीला तोंड कसं दाखवणार? तुमच्याकडे दुकानदार नुसतं 'रिफर्बिश्ड' म्हणत असेल तर कोणी केलं आणि वॉरंटी कोण देतं, हे बिलावर लिहून घ्या.

*

मी लग्नं शूट करतो, म्हणजे तुम्ही ज्याच्याकडून घेता तो मी. एका लग्नात तीन हजार क्लिक सहज होतात. आकडा लाखाकडे झुकला की सीझन संपताना बॉडी पुसून-बिसून विकायला काढतो. चकाकीवर जाऊ नका, हॉट शू (वर फ्लॅश बसवायची खाच) बघा. फ्लॅश चढवून-उतरवून तिथला काळा रंग उडतो आणि खालचा धातू दिसतो. लेन्सला झाकण लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, काळ्या फोटोत लाल-निळे ठिपके (सेन्सरचे बिघडलेले बिंदू) किती ते मोजा. स्वतःसाठी मात्र मी नवाच घेतो. एक तर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, आणि दुसरं, शटर अडकलं म्हणून भटजी मंगलाष्टकं पुन्हा म्हणत नाहीत.

*

मी नवीन घेतला, ईएमआयवर. हप्ते फिटायच्या आत चांगला फोन आला, कॅमेरा माळ्यावर गेला. क्लिक जेमतेम २,१००. सोबत ७०-३०० आहे. ताई, हवाय का?

*

हवाय की! पण आधी सांगा, तुम्ही कुठल्या, आणि मधे किती पावसाळे तो माळ्यावर होता? लेन्सच्या मागून टॉर्च मारून एक फोटो पाठवा.