लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग विकून मदत करायचीय, पैसे नक्की कुणाच्या खात्यात घ्यायचे?

सामेळवालो_माशेल

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमचा सहा जणांचा बँड आहे, घुमट (मडक्याला चामडं लावलेलं वाद्य), सामेळ (काठ्यांनी वाजवायचं ढोलकं), कासाळे (झांजा), पेटी, बेस गिटार आणि गाणारी एक. बँड म्हणायचं म्हणून, आई अजून आम्हाला "आरतीवाले" च म्हणते. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर गावातल्या देवळाच्या मंडपात एक आणि पुढच्या शनिवारी मडगावात एका छोट्या हॉलात एक असे दोन कार्यक्रम केले, दोन्ही रेकॉर्ड केले, आणि ऐकल्यावर वाटलं की फोनमधे पडून राहण्यापेक्षा हे लोकांना विकूया आणि येतील ते सगळे पैसे गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलाबाहेर जेवण वाटणाऱ्या मंडळींना देऊया.

बांबोळीच्या हॉस्पिटलात आपले लोक असतातच, पण सावंतवाडी, कुडाळ, कारवारहून पण पेशंट येतात. पेशंट आत वॉर्डात आणि बरोबर आलेलं माणूस बाहेर, आठ आठ दिवस. दोन वर्षांमागे बाबा ॲडमिट होते तेव्हा मी त्यातलाच एक होतो. संध्याकाळी एक जुनी ओम्नी यायची, मागचं दार वर केलं की भाताचं पातेलं, मुगागाठीचं पातेलं, आणि एक काका. कोण तुम्ही, कुठले, काही विचारायचे नाहीत. फक्त म्हणायचे, ताट धुऊन ठेवा. ते डोक्यातून जात नाही.

तर विचारायचंय हे की विकायचं कुठे, किंमत किती ठेवायची, पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे, आणि आमच्या 11 गाण्यांत दोन नाट्यपदं आणि तीन अभंग आहेत तर त्याचं काही लफडं होतं का. आणि मडगावच्या कार्यक्रमात एका पाहुण्या गायकाने एक पद म्हटलं, सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच, तेव्हा "वा वा जरूर काढा" म्हणाला आणि आता फोन उचलत नाही.

खरखर_काढणारा

बाकीचं जाणते सांगतील, मी फक्त आवाजाचं बोलतो. रेकॉर्ड केलं म्हणजे काय केलं? मिक्सरमधून लेफ्ट राइट (सगळं एकत्र मिसळलेलं) काढून घेतलं की प्रत्येक माइकचा चॅनल वेगळा घेतला? कारण लेफ्ट राइटच असेल तर आत्ताच सांगतो काय ऐकू येत असेल ते, गाणारी बाई कानात बसून गातेय आणि सामेळ शेजारच्या वाड्यावर वाजतंय. मंडपात सामेळ मुळातच दणदणीत, साउंडवाला त्याला स्पीकरमधे कशाला चढवेल, त्यामुळे जे मिक्सरमधून गेलंच नाही ते तुमच्या फाइलीत पण नाही.

वेगळे चॅनल असतील तर जिंकलात. 16 चॅनल, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, दोन तास, म्हणजे साधारण 16-17 जीबी होतात, त्याच्या आधी दोन कॉप्या करा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. हसू नका, मी अख्ख्या एका शिगम्याचं (आपल्या होळीचं) रेकॉर्डिंग असं घालवलंय.

आणि घुमटाला माइक कुठे लावलेला? बहुतेक जण फक्त चामड्याकडे लावतात. घुमटाचा खर्ज मागच्या उघड्या तोंडातून येतो, डावा हात तिथे उघडझाप करतो तीच तर सगळी गंमत, तिथे माइक नसला तर घुमट रेकॉर्डिंगमधे डब्यासारखं वाजतं.

सामेळवालो_माशेल

@खरखर_काढणारा पात्रांव तुम्ही मंडपात बसला होता काय?? मंडपाचं लेफ्ट राइटच आहे आणि सामेळ खरंच शेजारच्या वाड्यावर आहे (आणि सामेळ वाजवणारा मी). मडगावचे मात्र 12 चॅनल वेगळे आहेत, तिथे घुमटाला मागून पण माइक होता, बेसवाल्याने हट्टाने लावला. मंडपाचा एका भाच्याने मागच्या खांबाला टेकून फोनवर पूर्ण व्हिडिओ घेतलाय, त्याचा काही उपयोग?

खरखर_काढणारा

आहे ना. फोनच्या आवाजात सामेळ पण असेल आणि माणसं पण. मिक्सरची फाइल आणि फोनची फाइल एकाखाली एक ठेवा, एखादी टाळी किंवा घंटा दोन्हीत जुळवा आणि फोनचा आवाज हळूहळू वर आणा. दोन तासांत थोडं मागेपुढे सरकतं, म्हणून दर गाण्याला परत जुळवायचं, एकदाच जुळवून झोपायचं नाही. नुसतं मिक्सरचं रेकॉर्डिंग म्हणजे रिकाम्या हॉलात गायल्यासारखं लागतं.

हिशेबी_बाय

मी मडगावला अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे माझा प्रश्न रटाळ आहे पण पहिला आहे. ही जेवण देणारी मंडळी रजिस्टर ट्रस्ट आहे का? असेल तर तुम्ही पैशाला हातच लावू नका. रेकॉर्डिंग फुकट सोडा आणि खाली ट्रस्टचा क्यूआर द्या, ज्याला जे द्यायचं ते थेट तिथे. ट्रस्टकडे 80जी (देणगीवर आयकर सवलतीची मान्यता) असेल तर देणाऱ्याला पावती पण मिळते, अर्थात नवीन टॅक्स रेजीम घेतलेल्याला तिचा काही फायदा नाही, आणि रोख 2000 च्या वर दिलं तर त्या अख्ख्या रकमेवर सवलत नाही. पण वस्तू विकून घेतलेली किंमत ही देणगी नव्हे, तेव्हा "सीडी घ्या 80जी मिळवा" असलं काही पोस्टरवर लिहू नका बाबांनो.

दुसरं, बाहेरगावचे नातेवाईक. आपल्याकडे अर्ध्या घरांत एक तरी पोर्तुगीज पासपोर्ट आहे. भारतीय पासपोर्टवर दुबईत असलेल्या भावाने आपल्या बँकेतून पैसे पाठवले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला असलेली मावशी कायद्याने परदेशी, मग तिच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असो आणि ती दर मे महिन्यात तुमच्याच घरी आंबे खायला येत असो. तिची देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी) लागतं, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. चार माणसं आणि एक ओम्नी असल्या कारभारात हे बसणार नाही.

सामेळवालो_माशेल

@हिशेबी_बाय रजिस्टर बिजिस्टर काही नाही हो बाय. काकांच्या जीपेवर लोक पाठवतात, उरलेलं ते स्वतःच्या पेन्शनीतून घालतात. मी विचारलं त्यांना काल, म्हणाले मला पैसे नकोच, हिशेब ठेवायला माणूस नाही, द्यायचेच तर तांदूळ द्या.

हिशेबी_बाय

मग काकांनीच उत्तर दिलं की. तांदूळ द्या. रेकॉर्डिंगला ठरावीक किंमत लावून विका, ते सरळ तुमचं उत्पन्न, त्यासाठी दोघांच्या सहीचं वेगळं खातं उघडा ज्यात दुसरा एक रुपया येणार नाही की जाणार नाही. दर महिन्याला तांदूळ, डाळ, गॅस विकत घ्या आणि दुकानाच्या बिलाचा फोटो टाका. ज्यांच्या नावावर खातं असेल त्यांच्या रिटर्नमधे ते दिसणार, तेव्हा आत्ताच त्या दोघांना सांगून ठेवा, मार्चमधे माझ्यासारखीकडे धावत येऊ नका. मावशीला म्हणावं रेकॉर्डिंग विकत घे, "देणगी" म्हणून वर जास्तीचे पाठवू नकोस.

तबकडी_आणि_चहा

हिशेबी बायनी जे सांगितलं ते 1971 मधे न्यूयॉर्कात कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडे त्या कार्यक्रमाचा तीन तबकड्यांचा बॉक्स आहे म्हणून राहवत नाही. 1 ऑगस्ट 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकरांनी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि एका दिवसात दोन कार्यक्रम झाले, तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर जमले ते युनिसेफकडे गेले. ते सरळ गेलं. घोळ झाला तो नंतरच्या रेकॉर्डच्या आणि सिनेमाच्या पैशांचा, कारण कार्यक्रमाच्या आधी युनिसेफबरोबर कागदोपत्री काही करून ठेवलं नव्हतं, त्यामुळे अमेरिकेच्या टॅक्सवाल्यांनी त्याला धर्मादाय मानायला नकार दिला आणि मोठी रक्कम कित्येक वर्षं अडकून पडली. निर्वासित परत आपल्या गावी गेले, देश उभा राहिला, पैसे अजून कागदात. हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती हो, नुसता क्रम चुकला.

त्याच रेकॉर्डवर सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती, हे वाद्यं लावतात आणि ते झाल्यावर अमेरिकन पब्लिक जोरात टाळ्या वाजवतं, रविशंकर त्यावर मिश्कीलपणे बोलतात. ते कापलं नाही, रेकॉर्डवर ठेवलंय. तुम्ही पण असलं काही असेल तर कापू नका, स्टुडिओत केलेलं चकाचक गाणं लोकांकडे ढिगाने आहे.

कदंबातला_प्रवासी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गाणं विकत कोण घेतं हल्ली? स्पॉटिफायवर टाकाल तर 2024 पासून वर्षात 1000 वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचा एक पैसा देत नाहीत, आणि वाजलं तरी त्यातून एक पोतं तांदूळ यायला पुढची चवथ उजाडेल. बँडकॅम्प (गाणी थेट विकायची साइट) बरं, 15 टक्के आणि पैसे पाठवण्याचा खर्च कापून बाकी तुमचं, पण तिथे पैसे पेपलने मिळतात आणि पेपलने 2021 च्या एप्रिलपासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केलेत. म्हणजे स्विंडनची मावशी घेऊ शकेल, म्हार्दोळचा काका नाही.

माझं ऐका, पेन ड्राइव्ह करा. फोंडा डिचोलीच्या प्रायव्हेट बसवाल्यांना विका, जत्रेत टेबल टाका. आमच्या गावात अजून ज्याला त्याला पेन ड्राइव्हवर भजनं हवी असतात, आणि हातात वस्तू आली की 200 रुपये द्यायला माणूस कुरकुरत नाही. लिंक पाठवली की म्हणतो, "व्हॉट्सॲपवर टाक मरे".

जुनी_वही

नाट्यपदांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कोणती पदं ते सांगा, त्यावर सगळं आहे. लेखकाचा शब्दांवर आणि संगीतकाराचा चालीवर, ज्याच्या त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, वर्ष संपेपर्यंत धरायचं. 'मानापमान' मधलं असेल तर खाडिलकर 1948 ला गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 ला, दोघांचीही मुदत संपली, बिनधास्त गा. पण 'मत्स्यगंधा' मधलं असेल तर संगीत आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं, बुवा 1998 ला गेले, म्हणजे नुसत्या चालीसाठीच 2058 संपेपर्यंत थांबा, शब्दांचं वेगळं, किंवा रीतसर परवानगी काढा. कायद्यात कव्हरसाठी (दुसऱ्याचं गाणं परत गाऊन काढण्यासाठी) वेगळं कलम आहे पण त्यात मुळात 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ धरलीय, तुम्ही 200 पेन ड्राइव्ह काढणार, तुमचं कसं जमायचं.

अभंगात तर सगळे फसतात. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण चाल रेडिओवरची ओळखीची असेल तर ती कुणातरी संगीतकाराची आहे. गावच्या भजनातली परंपरेची चाल असेल तर प्रश्न नाही.

आणि तो पाहुणा. गाणाऱ्याचा पण स्वतःच्या गाण्यावर हक्क असतो, "वा वा जरूर" ला काही किंमत नाही, लिहून हवं. 1985 च्या लाइव्ह एडला (इथिओपियातल्या दुष्काळासाठी झालेल्या कार्यक्रमाला) कलाकारांना सांगितलेलं की हे एकदाच, विकायचं नाही, त्यामुळे डीव्हीडी यायला 2004 उजाडलं. तुम्ही पण फोन उचलला नाही तर ते पद बाजूला ठेवा, टाळ्या कितीही असोत.

सामेळवालो_माशेल

देव बरें करूं सगळ्यांचं. काल रात्री सगळे बसलो आमच्या ओसरीवर. एक पद मानापमानचं आहे, ते राहील. दुसरं नेमकं मत्स्यगंधाचं आणि तेच पाहुण्याने म्हटलेलं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, ते काढलं. पेटीवाला रुसलाय, त्याचा सगळ्यात चांगला तुकडा त्याच्यातच होता. अभंगांतले दोन गावच्या चालीचे, तिसऱ्याची चाल आमच्या गाणारीच्या आजीची म्हणून आम्ही गात होतो, आज आजीला विचारलं तर म्हणे रेडिओवरून उचललेली. ते पण गेलं. राहिली नऊ. पैशाचं खातं गाणारी आणि बेसवाला या दोघांच्या नावावर, मी नाही कारण मी सगळ्यांकडे उधार.

@तबकडी_आणि_चहा एक विचारायचंय. मंडपात पाचव्या गाण्याआधी पाऊस सुरू झाला आणि घुमटाचं चामडं ढिलं पडलं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता कायद्याने बकऱ्याचं, ते आमच्याकडे दमट हवेत लगेच बसतं. मग घुमटवाला हॅलोजनपुढे घुमट धरून शेकत उभा राहिला, मधेच बोटाने टक टक करून बघतोय, परत धरतोय. चार मिनिटं. कुणी बोलत नाही, पत्र्यावर पाऊस, एक पोर रडतं, आणि मग एकदा टक केलं तर ते बरोबर लागलं, मागून कुणीतरी आजोबा "हां!" म्हणाले आणि सगळा मंडप हसला. भाच्याच्या फोनमधे सगळं आहे. बाकीचे म्हणतात कापूया, चार मिनिटं कोण ऐकणार.

तबकडी_आणि_चहा

कापाल तर मी पेन ड्राइव्ह घेणार नाही. दोन माझ्यासाठी ठेवा.

खरखर_काढणारा

चारची अडीच करा, रडणारं पोर थोडं कमी, आजोबांचा "हां" अजिबात हलवू नका. आणि फाइली शनिवारी घेऊन या, पैसे नकोत, येताना ते मुगागाठीचं काय ते घेऊन या.