सामाजिक नवोपक्रमाला समाजाने आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे?

मूळ मत (सात रस्ता, सोलापूर)

जुन्या सामाजिक अडचणीवर लोकांना सोबत घेऊन शोधलेली नवी कार्यपद्धती, असा सामाजिक नवोपक्रमाचा अर्थ मी घेतो. त्यात यंत्र असलेच पाहिजे असे नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले. अशा यशानंतर सत्कार करायला आपण सारे पुढे येतो. परंतु प्रयोग अर्धवट असताना, तो फसण्याची शक्यता असताना, पैसा, जागा आणि वेळ देणारे फार थोडे असतात. समाजाचा आधार त्या काळात मिळायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (जुळे सोलापूर)

मला हे मान्य नाही. आपण दिलेली दोन्ही उदाहरणे उलट बाजू सिद्ध करतात. क्यूआर कोड एका गावच्या शाळेपुरताच राहिला असता. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत तो छापला गेला म्हणून तो सर्वदूर पोहोचला. कुंभारीची घरेही केंद्र आणि राज्य यांच्या अनुदानाशिवाय उभी राहिली नसती. लोकवर्गणीचा उत्साह दोन-तीन वर्षांत ओसरतो, शिक्षक बदलून जातो, मंडळाचे अध्यक्ष बदलतात. त्याहून गंभीर धोका असा की, समाजाने करावे असे म्हणता म्हणता निवारा, शाळा आणि आरोग्य यांची जबाबदारी शासनाच्या खांद्यावरून अलगद उतरते आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांच्याच गळ्यात पडते.

प्रतिसाद (विडी घरकुल)

अनुदान आपोआप आले नाही, हे जुळे सोलापूरकरांनी लक्षात घ्यावे. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली या महिलांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, सहकारी संस्था उभी केली आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून स्वतःचा हिस्सा भरला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या भाड्याच्या खोलीत राहून, पान-तंबाखू आणून, घरीच विड्या वळणारी बाई पोटाला चिमटा काढून हप्ता भरते तेव्हा तो निधी तर असतोच, शिवाय घराच्या आराखड्यावर बोलण्याचा तिचा अधिकारही असतो. पुढे त्याच वाटेने असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३०,००० घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पहिल्या १५,००० घरांचे हस्तांतरण झाले. शासन आले, परंतु लोक संघटित झाल्यानंतर आले.

मूळ मत मांडणाऱ्यांनाही माझा एक प्रश्न आहे. ‘समाज’ म्हणजे कोण? ज्यांना घर हवे होते त्यांनी आपला वाटा दिलाच. ज्यांची स्वतःची घरे, दुकाने आणि कारखाने शहरात आहेत, त्यांनी काय द्यायचे, हे आपण स्पष्ट लिहिलेले नाही.

मूळ मत मांडणारे

प्रश्न रास्त आहे, म्हणून नेमके लिहितो. वसाहत शहराबाहेर असेल तर पहिली काही वर्षे मुलांची शाळा, बस आणि दवाखाना हेच खरे प्रश्न असतात. तेथे डॉक्टरांनी आठवड्याचा एक दिवस द्यावा, व्यापाऱ्यांनी महिला गटांची कडक भाकरी आणि चटणी रोख पैसे देऊन विकत घ्यावी, निवृत्त अभियंत्यांनी पाणीपुरवठ्याचा हिशेब तपासून द्यावा आणि बससाठी महापालिकेकडे पाठपुरावा करताना मध्यमवर्गीयांनीही रांगेत उभे राहावे. निर्णय मात्र वसाहतीतल्या महिलांच्या समितीचाच असावा. देणाऱ्याने तेथे अध्यक्षपद मागू नये.

प्रतिसाद (जुळे सोलापूर)

बसच्या पाठपुराव्याला मी येईन, कारण ती मागणी शासनाकडेच आहे. डॉक्टरांच्या एका दिवसाला मात्र माझा विरोध कायम आहे. तो दिवस सुरू झाला की, कायमच्या दवाखान्याची मागणी मागे पडते. तो द्यायचाच असेल तर मुदत ठरवून द्यावा आणि दवाखान्याच्या मागणीचा अर्ज त्याच दिवशी दाखल करावा.