मदत हवी आहे: जर्मनीत रस्ता ओलांडताना पाय अडखळतात

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे सात महिन्यांपूर्वी आम्ही पुण्याहून म्युनिकला आलो. थंडी अंगवळणी पडली, भाषाही थोडीफार जमते. रस्ता ओलांडणं मात्र अजून जमत नाही. आमच्याकडे गाडी नाही. पाच वर्षांच्या लेकाला किंडरगार्टनला मीच चालत नेते-आणते, म्हणून रोजची धाकधूक.

मी कर्वे रस्त्याच्या आसपास वाढले. दोन गाड्यांमधली फट हेरायची, हात दाखवायचा आणि निघायचं, हे हाडीमासी भिनलंय. इथे सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर नुसतं कडेला उभं राहिलं तरी गाडी थांबते. मी सवयीने "तुम्ही जा" असा हात करते. मग तोही थांबलेला, मीही थांबलेली. शिवाय नजर आधी उजवीकडे जाते आणि इथे पहिली गाडी डावीकडून येते.

पण खरी भीती सिग्नलची. मला हिरवा असतो तेव्हा वळणाऱ्या गाडीलाही हिरवाच असतो. वळणाऱ्याने चालणाऱ्यासाठी थांबायचं असा कायदा आहे, हे वाचलंय. तरी गाडी अंगाच्या दिशेने वळली की मी मध्येच थबकते. गेल्या मंगळवारी अशीच थबकले आणि लेकाला मागे ओढलं. आमच्या मागून जायच्या बेताने वळलेल्या सायकलवाल्याने करकचून ब्रेक मारला. त्याचं पुढचं चाक लेकाच्या पाठीवरच्या सॅकपासून वीतभर लांब होतं. कोणाला लागलं नाही, पण मला रात्रभर झोप आली नाही.

रस्ता पूर्ण रिकामा असला तरी लाल दिव्याला लोक उभे राहतात. दंड 5 युरो आहे, पण ते त्यासाठी थांबत नाहीत. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मुलं बघत असतात." ते मला मनापासून पटलं, आणि तिथेच प्रश्न सुरू झाला. लेक आता हिरवा माणूस दिसला की बिनधास्त निघतो. डिसेंबरात आम्ही पुण्याला जाणार. तिथे हा असाच झेब्रावर उतरला तर?

इथला विश्वास आणि तिथली सावधगिरी, दोन्ही एका लहान मुलाला कसं शिकवलंत? आणि माझं हे थबकणं कसं जाईल?

प्रतिसाद:

ताई, मी अकरा वर्षं श्टुटगार्टला आहे, दोन मुलं इथेच वाढवली. आधी तुमचं सांगते. हात करून गाडीला पुढे पाठवू नका. वेग कमी झालेला दिसला, ड्रायव्हरशी नजरानजर झाली, की एका लयीत चाला. तुम्ही चालत राहणार हे धरूनच तो वळतो, म्हणून मध्येच थांबणं किंवा मागे येणं जास्त धोक्याचं. अर्ध्यात लाल झाला तरी परत फिरू नका, उरलेलं अंतर कापण्याइतका वेळ सिग्नलमध्ये धरलेला असतो. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: झेब्रावर थांबायचा नियम ट्रामला लागू नाही. आणि फुटपाथवरून उतरताना मध्ये सायकल ट्रॅक असेल तर तोही रस्ताच समजा.

मुलांना मी "हिरवा झाला की निघ" असं कधीच शिकवलं नाही. "हिरवा झाला, आता गाडी थांबली का बघ" असं शिकवलं. हे इथेही चालतं आणि पुण्यातही. पुण्यात मात्र हात सोडायचा नाही, हे विमानात बसल्यापासून सांगायचं. आम्ही रविवारी सकाळी घराजवळच्या झेब्रावर जायचो. मी हात धरून गप्प उभी राहायचे आणि मुलगी मोठ्याने म्हणायची, "डावीकडची थांबली, उजवीकडची अजून नाही." दोन्हीकडच्या थांबल्या असं तिने म्हटलं, की मगच आम्ही पाऊल टाकायचो.