‘प्रदोषव्यापिनी’, ‘विद्धा’, ‘भागवत’ : पंचांगातल्या शब्दांचे अर्थ

केशरभात : पंचांगात सणाखाली बारीक टायपात ‘मध्याह्नव्यापिनी’, ‘प्रदोषव्यापिनी’, ‘दशमीविद्धा’ असे शब्द असतात. व्यापिनी म्हणजे त्या वेळी ती तिथी चालू असणं, एवढंच ना? मग कॅलेंडरच्या चौकटीत तृतीया छापलेली असताना खाली ‘संकष्टी’ कशी काय? आणि एकादशी दोन दिवस लागोपाठ का येते?

घटिका : अर्थ तेवढाच, पण ‘त्या वेळी’ म्हणजे कोणत्या वेळी, यावर सगळं अवलंबून आहे.

चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जायला जो काळ लागतो ती एक तिथी. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी २० तासांची तर कधी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. दिवस मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, ६० घटींचा (एक घटी म्हणजे २४ मिनिटं). त्यामुळे तिथी दिवसारात्री कधीही बदलते. चौकटीत छापतात ती सूर्योदयाला असलेली तिथी. सण ठरतो तो कर्मकाळावरून, म्हणजे मुख्य पूजेची जी वेळ सांगितली आहे ती कोणत्या दिवशी त्या तिथीने व्यापली, हे बघून. संकष्टीचा कर्मकाळ चंद्रोदय. सकाळी तृतीया असली तरी रात्री चंद्र उगवताना चतुर्थी लागलेली असेल तर संकष्टी त्याच दिवशी.

आता कर्मकाळांची नावं. सूर्योदय ते सूर्यास्त या दिनमानाचे पाच सारखे भाग करायचे : प्रातःकाळ, संगव, मध्याह्न, अपराह्ण, सायाह्न. म्हणजे मध्याह्न हा ‘दुपारी बाराचा ठोका’ नव्हे, चांगला अडीच तासांचा पट्टा आहे. मुंबईत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्योदय ६.२४ आणि सूर्यास्त १८.४८ धरा. दिनमान १२ तास २४ मिनिटं, पाचवा भाग जवळजवळ २ तास २९ मिनिटं. दोन भाग सोडले की मध्याह्न ११.२२ ते १३.५०. गणेश चतुर्थीचा पूजाकाळ म्हणून पंचांगात जी वेळ दिसते ती अशी निघते.

प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरच्या सुमारे सहा घटी. निशीथ म्हणजे रात्रीच्या पंधरा मुहूर्तांपैकी (सारख्या भागांपैकी) आठवा, मध्यरात्रीच्या आगेमागे मिळून पाऊण तास. जन्माष्टमी आणि महाशिवरात्र निशीथावर, लक्ष्मीपूजन प्रदोषावर, पितृपक्षातलं श्राद्ध अपराह्णावर. गुढीपाडवा मात्र सूर्योदयावर.

शुद्धलेखनी : ‘मध्याह्न’ आणि ‘सायाह्न’ मध्ये न, पण ‘पूर्वाह्ण’ आणि ‘अपराह्ण’ मध्ये ण. पूर्व आणि अपर या शब्दांतल्या र-मुळे पुढच्या न चा ण होतो. ‘मध्यान्ह’ तर सर्रास छापतात. त्यात ह आणि न यांची जागाच बदललेली असते.

आणि ‘प्रदोष’ शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. एक वर घटिका यांनी सांगितलेली वेळ. दुसरा, त्रयोदशीचं शंकराचं व्रत : ‘आज प्रदोष आहे’. व्रताला ते नाव पूजेच्या वेळेवरूनच मिळालं. ‘प्रदोषव्यापिनी अमावास्या’ वाचून लोक अमावास्येला शंकराचा उपास शोधायला लागतात, ते या घोटाळ्यामुळे.

केशरभात : मग तिथी दोन्ही दिवशी त्या वेळेला असेल तर? किंवा एकाही दिवशी नसेल तर?

घटिका : तिथे प्रत्येक सणाचा वेगळा निर्णय असतो. ‘पूर्वा घ्यावी’ किंवा ‘परा घ्यावी’ म्हणजे अनुक्रमे आदला दिवस किंवा दुसरा दिवस.

२०२४ चं लक्ष्मीपूजन बघा. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. मुंबईचा सूर्यास्त तेव्हा सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास. म्हणजे ३१ ला पूर्ण प्रदोष अमावास्येत, १ तारखेला जेमतेम दहा मिनिटं. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या असेल तर परा, या नियमाने महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१ ला पूजन झालं. वादाचा मुद्दा असा की अस्तानंतर एक घटीसुद्धा न टिकणाऱ्या तिथीला ‘व्याप्ती’ म्हणायचं की नुसता ‘स्पर्श’. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना आधार होता. ‘पंचांगवाले चुकले’ ही ओरड तेवढी निराधार होती.

अमेरिकेत हा प्रश्नच आला नाही. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, सूर्यास्त मात्र गावोगावचा. न्यूयॉर्कच्या घड्याळात तीच अमावास्या ३१ ला सकाळी साडेसहाच्या आत लागली आणि १ तारखेला सकाळी पावणेनऊला संपली. प्रदोष फक्त ३१ चा. तिकडच्या मंडळींनी मुंबईची तारीख उचलली असेल तर पूजन प्रतिपदेत झालं.

तुळशीमाळ : ‘विद्धा’ आणि एकादशीचं मी लिहितो. विद्धा म्हणजे वेध झालेली, आधीच्या तिथीने टोचलेली. सूर्योदयाआधीच्या चार घटी, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. समजा सूर्योदय ६.२४ ला, तर अरुणोदय ४.४८ पासून. दशमी पहाटे ५.१० ला संपली. सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून स्मार्तांची (स्मृतिग्रंथांप्रमाणे आचार पाळणाऱ्यांची) एकादशी त्याच दिवशी. पण अरुणोदयात दशमी होती, ती दशमीविद्धा झाली. वैष्णवांना ती चालत नाही, ते दुसऱ्या दिवशी धरतात, ती ‘भागवत एकादशी’. मग दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला द्वादशी असली तरी उपास त्याच दिवशी. एकादशी दोन सूर्योदयांना लागली तरी बहुधा अशीच विभागणी होते. ‘भागवत’ इथे भागवत धर्म पाळणारे या अर्थी, ग्रंथाशी थेट संबंध नाही. वारकऱ्यांची ती हीच.

पारण्याची चूक मात्र पुष्कळ घरांत होते. द्वादशीचा पहिला चतुर्थांश म्हणजे हरिवासर, त्यात पारणं करत नाहीत. द्वादशी पहाटे ३ ला लागून दुसऱ्या रात्री १.२४ ला संपत असेल तर ती २२ तास २४ मिनिटांची. चतुर्थांश ५ तास ३६ मिनिटं, म्हणजे ८.३६ पर्यंत थांबायचं. उलट द्वादशी सकाळी लवकर संपत असेल तर ती संपायच्या आत पारणं उरकायचं.

शुद्धलेखनी : जोडीला क्रियापदं. उपास ‘सोडतात’, तो वेळ झाल्यावर. ‘मोडतात’ तो मध्येच, साबुदाण्याच्या नादात चुकून शेव तोंडात गेली तर. पारणं ‘करतात’ किंवा ‘फेडतात’. डोळ्यांचं पारणं फिटतं ते इथूनच आलं.

केशरभात : ‘क्षयतिथी’ म्हणजे ती तिथी त्या पंधरवड्यात नसतेच का?

घटिका : असते, फक्त तिला सूर्योदय मिळत नाही. एका सूर्योदयानंतर लागते आणि पुढच्याच्या आत संपते. दोन सूर्योदय मिळाले तर वृद्धितिथी. १९ मार्च २०२६ ला मुंबईत सूर्योदयाला अमावास्याच, ती सातच्या आत संपते, लगेच प्रतिपदा लागते आणि २० च्या पहाटे पाचच्या आत संपते. चैत्र शुद्ध प्रतिपदेचा क्षय. म्हणून गुढी १९ लाच, चौकटीत अमावास्या दिसली तरी.

तुळशीमाळ : एक पुरवणी. उत्तरेकडच्या संदेशांत दिवाळी ‘कार्तिक अमावास्येची’ असते. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून वद्य पक्षात त्यांचा महिना एकाने पुढे. शुद्ध पक्षात नावं जुळतात. दिवस तोच, आपली आश्विन अमावास्या.

केशरभात : आणि संकष्टीची चंद्रोदयाची वेळ नागपूरला मुंबईचीच धरायची का?

घटिका : नाही. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे, चंद्र तिथे साधारण २५ मिनिटं आधी उगवतो. बहुतेक कॅलेंडरांत मुख्य चौकटीत मुंबईची वेळ आणि मागच्या पानावर गावांचा तक्ता असतो, तो बघा.